लॅटिन चालव!

नागपुरात लॅटिन कुठे शिकवतात असं विचारलं, तर जाणता माणूस सेमिनरी हिल्सकडे बोट दाखवतो. दिशा बरोबर असते, काळ चुकतो. त्या टेकडीवर पाद्री घडवणारी सेंट चार्ल्स सेमिनरी आहे खरी. पण 1962 ते 1965 या काळात व्हॅटिकनमध्ये धर्मपरिषद भरली, त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषांत होऊ लागली आणि लॅटिनचा जगभरातला हक्काचा विद्यार्थीवर्ग पांगला. आता लोक टेकडीवर सकाळी पोट कमी करायला जातात आणि संध्याकाळी पोरांना बालोद्यानात नेतात.

शहरात लॅटिन रोज कानावर पडते ती सिव्हिल लाइन्समध्ये, हायकोर्टात. 1936 साली नागपूरला स्वतःचं हायकोर्ट मिळालं. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत ते गेलं आणि मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ आलं. फायली हलल्या, न्यायमूर्ती हलले, लॅटिन जागची हलली नाही. हलणार कशी? अनुच्छेद 226 मध्ये रिटांच्या नावांत घटनेनंच तिला जागा दिली आहे: हेबिअस कॉर्पस, मँडॅमस, क्वो वॉरंटो, सर्शिओरारी. माझी सगळी वकिली या मंडळींच्या सहवासात गेली. कोर्टात आम्ही 'प्रायमा फेसी' म्हणताना आवाज खाली आणतो, बाररूममध्ये तीच भाषा "त्याचं लोकसच नाही ना बे!" अशी मोकळी होते.

हे शिक्षण आम्हाला मिळालं कसं? लॉच्या गाइडच्या शेवटी मॅक्झिम्सची, म्हणजे कायद्याच्या म्हणींची, एक यादी असायची. डावीकडे लॅटिन, उजवीकडे इंग्रजी, मध्ये पूर्ण अंधार. ज्यांना जास्त मार्क हवेत ते लायब्ररीत जाऊन हर्बर्ट ब्रूमचं 'लीगल मॅक्झिम्स' चाळत. 1845 पासून हा ग्रंथ वकिलांना विद्वान दिसायला मदत करतो आहे. म्हण पाठ, खटले पाठ. पण त्यातला कर्ता कोण आणि क्रियापद कुठलं, हे विचारण्याची आमच्यात पद्धत नव्हती. मंगलाष्टकांचा अन्वय कोण लावतो?

पन्नाशी उलटल्यावर मला वाटलं की एकदा ही भाषा रीतसर शिकावी. सीताबर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदार मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "लॅटिन अमेरिका? भूगोल तिकडे, एमपीएससीच्या रॅकमध्ये." शेवटी पुस्तकं कुरिअरनं मागवली आणि मास्तर म्हणून आमच्या कॉलनीतल्या बाईंना गाठलं. बाई संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या. लॅटिनचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं.

"त्याचं काय एवढं?" बाई म्हणाल्या. "विभक्ती आहेत ना? लिंग-वचन आहे ना? मग चालव."

पहिलं पुस्तक केनेडीचं, 'रिव्हाइज्ड लॅटिन प्रायमर', 1888 चं. इंग्लंडच्या कित्येक पिढ्या यावर रडल्या. पोरं मुखपृष्ठावर शाई फिरवून 'लॅटिन प्रायमर'चं 'ईटिंग प्रायमर' करून टाकत. नाव छापलं बेंजामिन केनेडी या हेडमास्तरांचं. बरंचसं काम मात्र मॅरियन आणि ज्युलिया या त्यांच्या मुलींचं, हे पुढे बाहेर आलं. हे सांगितल्यावर बाई मुळीच दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "तरीच तक्ते इतके नीट आहेत."

लॅटिनमध्ये द्विवचन नाही हे कळलं तेव्हा मला गलबलून आलं. शाळेत असताना संस्कृतच्या त्या मधल्या रकान्यानं माझे किती मार्क खाल्ले! बाईंना मात्र ते पटेना. "दोन डोळे, दोन हात, नवराबायको, यांचं काय करतात मग ते?" बहुवचनातच भागवतात, म्हटलं. "कंजूष," बाई म्हणाल्या. पुढे तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिघी लॅटिनमध्ये एकाच रूपात नांदतात असं आढळलं, तेव्हा तर त्यांनी चष्माच काढून ठेवला. वाटणी न झालेल्या वाड्यासारखा प्रकार. कोण कुठल्या खोलीत, हे ज्याचं त्यानं संदर्भावरून ओळखायचं.

खरा वाद झाला रांगेवरून. केनेडीच्या तक्त्यात प्रथमेनंतर संबोधन, मग द्वितीया, षष्ठी, चतुर्थी, पंचमी. दुसरं पुस्तक अमेरिकेतलं, फ्रेडरिक व्हीलॉकचं, 1956 चं. त्यात प्रथमेला चिकटून षष्ठी, द्वितीया चौथ्या जागी आणि संबोधन थेट दाराबाहेर. सकाळी एक पुस्तक आणि रात्री दुसरं घेऊन बसलं की डोक्यात चेंगराचेंगरी होते. बाई म्हणाल्या, "आपल्याकडे नावातच नंबर घालून ठेवले. प्रथमा, द्वितीया, तृतीया. कोणाची बिशाद आहे मध्ये घुसायची?" मला हे फार मोठं शास्त्र वाटलं. एसटी स्टँडवर लागू करता आलं असतं तर!

संबोधनाची एक गोष्ट चर्चिलनं आपल्या आठवणीत लिहून ठेवली आहे. शाळेत 'मेन्सा', म्हणजे टेबल, हा शब्द चालवताना 'हे टेबला' हे रूप आलं. हे कधी वापरायचं, असं त्यानं विचारलं. टेबलाशी बोलताना, असं उत्तर मिळालं. मी तर कधीच बोलत नाही, असं तो म्हणाला, तर कडक शिक्षेची धमकी मिळाली. बाईंना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आपली पोरं शतकानुशतकं 'हे फल, हे फले, हे फलानि' म्हणत आली, एकाही फळानं ओ दिली नाही आणि एकाही पोरानं तक्रार केली नाही. म्हणून तर आपल्याकडे चर्चिल झाला नाही, असं मी म्हणालो. ते बाईंनी न ऐकल्यासारखं केलं.

मग 'कॉर्पस' आला. बाईंनी रूपं पाहिली आणि एकदम खुलल्या. "अरे, हा तर 'मनस्'सारखा सकारान्त नपुंसकलिंगी! प्रथमा-द्वितीया सारखीच असणार." पाहिलं तर सारखीच. सर विल्यम जोन्स 1786 साली कलकत्त्यात हेच म्हणाले होते, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच कुळातल्या असाव्यात. तेही कोर्टातलेच, न्यायाधीश. ते लॅटिनकडून संस्कृतकडे आले, बाई उलट्या वाटेनं व्हरांड्यातच पोचल्या. 'हेबिअस' हे विध्यर्थाचं द्वितीयपुरुषी रूप: तुझ्याजवळ देह असावा. म्हणजे ज्याला कोंडलं आहेस, त्याला समोर आण. आणीबाणीत देशातल्या काही हायकोर्टांनी स्थानबद्धांचे हेबिअस कॉर्पसचे अर्ज ऐकता येतात असं ठरवलं, त्यात आमचं नागपूर खंडपीठही होतं. 28 एप्रिल 1976 ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक मतानं ते फिरवलं. एकटे न्यायमूर्ती खन्ना वेगळे राहिले. बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हं, पुढचा शब्द."

तिसरं पुस्तक ऑरबर्ग या डॅनिश मास्तरांचं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत फक्त लॅटिन. अर्थ चित्रांवरून काढायचा. बाईंना संस्कृत संभाषण शिबिरं आठवली, जिथं चहासुद्धा संस्कृतात मागावा लागतो. माझं मत असं की नवशिक्यानं याच पुस्तकापासून सुरुवात करावी आणि केनेडी उशाशी ठेवावा, झोप येत नसेल तेव्हासाठी. केंब्रिजचा 1970 पासूनचा पाठ्यक्रमही आम्ही पाहिला. त्यात पाँपेईतल्या कायसिलिअस नावाच्या सावकाराचं कुटुंब आहे, कुत्रा आहे, स्वयंपाकी आहे. बाईंना ती मंडळी फार आवडली. पहिल्या भागाच्या शेवटी व्हेसूव्हियस फुटतो आणि सावकार जातो. बाईंनी पुस्तक मिटलं. "आठवीच्या पोरांना असं दाखवतात? आपल्या बालभारतीत कोल्ह्याला द्राक्षं मिळत नाहीत, तेवढंच दुःख पुरतं."

आता जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर लॅटिनचे तक्ते लिहून व्हरांड्यात टांगले आहेत. मुन्शी फायली घेऊन आला की थबकतो. "साहेब, काय पाठ करून राहिले? परीक्षा आहे काय?" बाई आतून ओरडतात, "आहे!"

परवा आमच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. माणसं जमेनात. अध्यक्ष उठून म्हणाले, "कोरम नाही, सभा अर्धा तास तहकूब."

"कोणाचा?" बाईंनी विचारलं.

"काय कोणाचा?"

"कोरम. षष्ठीचं बहुवचन आहे ते. येषाम्. 'ज्यांच्यापैकी'. कोणापैकी ते सांगा."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी वकील असल्यानं गप्प राहिलो. अर्ध्या तासानं नियमाप्रमाणे सभा कोरमशिवाय भरली, पाण्याच्या टाकीचा खर्च मंजूर झाला आणि सचिवांनी इतिवृत्तात लिहिलं: 'कोरमच्या विभक्तीवर सविस्तर चर्चा झाली. निर्णय पुढील सभेत.'