बिनतारी वक्त्यांस

आमच्या सोसायटीतील समस्त वक्ते, निवेदक, गायक, बक्षीस वाटणारे आणि ‘मला माइक लागत नाही’ हे माइकमध्येच सांगणारे, यांस,



गणपतीच्या आधीच्या सभेत तुम्ही एकमतानं (दोन सभासद झोपले होते, त्यांचीही मतं धरून) ट्रॉली स्पीकर आणि दोन कॉर्डलेस माइक घ्यायचं ठरवलंत. ‘वायरच नाही म्हटल्यावर त्यात करायचंय काय? बटण दाबायचं नुसतं,’ असं खजिनदार म्हणाले. बटण दाबायला मला नेमलं, कारण मी एकदा कुणाच्या तरी टीव्हीचा रिमोट दुरुस्त केला होता. सेल उलटे बसले होते, ते सुलटे केले. एवढ्या पुण्याईवर माणूस ध्वनितज्ज्ञ होतो, हे मला ठाऊक नव्हतं.

आता 26 जानेवारीचं झेंडावंदन आलंय, तेव्हा आभार आधीच मानून टाकतो.

पहिले आभार माइकवर फुंकर मारणाऱ्यांचे. माइक चालू आहे की नाही हे नुसतं बोलूनही कळतं, हा माझा गैरसमज तुम्ही दूर केलात. माइकच्या जाळीमागे एक पातळसा पडदा असतो. बोलण्यानं जेवढा हलावा तेवढ्याच बेतानं तो केलेला असतो. तुम्ही त्याच्यावर निखारे फुलवता. मग बोटांनी टकटक करता, म्हणजे पडदा जागा असेल तर त्यानं उठून दार उघडावं.

दुसरे आभार ए विंगच्या काकांचे. त्यांचा माइक पहिल्या वाक्याला ओठांपाशी, दुसऱ्याला छातीपाशी आणि ‘आपली संस्कृती’ हा शब्द येईपर्यंत बेंबीपाशी असतो. अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोचणाऱ्या आवाजाचा दाब निम्मा होतो. दोन इंचांवरून सोळा इंचांवर गेलं की आठवा हिस्सा उरतो. मागून ओरड होते, ‘आवाज वाढवा!’ मी वाढवतो. माइकला आता काकांपेक्षा स्पीकरच जास्त ऐकू येतो. स्पीकरचा आवाज माइकात, माइकचा स्पीकरात, पुन्हा माइकात, अशी फुगडी सुरू होते आणि ती कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. सगळे माझ्याकडे बघतात. काकाही बघतात, आणि दचकून माइक आणखी खाली नेतात.

या शिट्टीला ‘लार्सन परिणाम’ असंही नाव आहे, सोरेन लार्सन या डॅनिश शास्त्रज्ञावरून. त्यांना आपली सोसायटी ठाऊक नव्हती, नाहीतर नाव वेगळं पडलं असतं.

यावर उपाय आहे, पण तो तुम्हाला मानवणार नाही. स्पीकर वक्त्याच्या पुढे ठेवायचा, तोंड लोकांकडे. वक्त्यानं त्याच्या मागे उभं राहायचं आणि माइक तोंडाशी धरायचा. तुम्ही स्पीकर पाठीशी ठेवता, का तर फोटोत दिसू नये. एखादे निवेदक तर बोलता बोलता थेट त्याच्यासमोर येऊन उभे राहतात, जणू त्याचीच मुलाखत घ्यायची आहे.

माइक धरायचा कुठे, यावरही तुमच्यात दोन घराणी आहेत. तरुण मंडळी जाळीच मुठीत आवळतात, टीव्हीवरचे रॅपर धरतात तशी. समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेण्यासाठी माइकच्या डोक्याला मागच्या बाजूनं वाट ठेवलेली असते. ती बुजली की माइक चहूकडचं ऐकू लागतो, म्हणजे शिट्टीची सोय. ज्येष्ठ मंडळी तळाशी धरतात. पुष्कळ माइकांचा एरियल नेमका तिथेच असतो, आणि हाताची मूठ रेडिओलहरी चांगल्याच शोषते. मग ‘बंधू आणि भगि—’ एवढं बोलून आवाज जातो. मधला भाग मोकळा असतो. तो कुणालाच आवडत नाही.

जुनी छायाचित्रं आठवा. गांधी-नेहरूंच्या सभा, समोर स्टँडवरचा माइक आणि त्यावर पाटी: ‘शिकागो रेडिओ’. शिकागोशी नाव जोडलेलं असलं तरी हा मुंबईच्या मोटवाने मंडळींचा उद्योग. तो माइक जागचा हलत नसे. वक्ता त्याच्याकडे जाई आणि त्याच्यासमोर उभा राही. आपण वायरीला अडगळ म्हणालो, पण वक्त्याला जागेवर बांधून ठेवायचं काम तीच करत होती. आता तो मोकाट सुटलाय आणि मी ट्रॉली घेऊन त्याच्यामागे.

कोजागरीची रात्र मात्र मी जन्मभर विसरणार नाही. पलीकडच्या सोसायटीनं आपला सेट बघून त्याच दुकानातून तस्साच आणला. या स्वस्त सेटची फ्रिक्वेन्सी कारखान्यातच ठरलेली असते. ती बदलता येणारा सेट मी सुचवला होता. तो तुम्ही ‘चैन’ म्हणून नाकारलात. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन माइक आले की रिसीव्हर दोघांना एकत्र ऐकवत बसत नाही, जो जोरात पोचतो त्याला धरतो. आपले अध्यक्ष जवळ, म्हणून अध्यक्ष जिंकत होते. भाषण रंगात आलं आणि त्यांनी विचारलं, ‘या सोसायटीला आज कशाची गरज आहे?’ मग खाकरण्यासाठी सभ्यपणे माइकचं बटण बंद केलं. आपल्याच स्पीकरमधून पलीकडच्या काकूंचा खणखणीत आवाज आला, ‘ढवळायला माणूस हवाय! दूध खाली लागतंय!’ त्या भाषणाला पडलेल्या टाळ्या तेवढ्याच.

एको नावाच्या बटणाबद्दल हळू आवाजात लिहितो. ते कॅराओकेसाठी असतं. ते कुणीतरी पूर्ण फिरवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सी विंगच्या आजोबांच्या निधनाची सूचना त्याच माइकवरून झाली: ‘दुःखद निधन… धन… धन…’ खजिनदारांना हे इतकं पटलं, की आता मेंटेनन्सची ‘थकबाकी… बाकी… बाकी’ त्याच बटणावर पुकारावी, असा त्यांचा आग्रह आहे.

सेलचा हिशेबही मांडायला हवा. माइकला दोन पेन्सिल सेल लागतात. ते तुम्ही ऑफिसातल्या घड्याळातून काढून देता: ‘घड्याळ चालत होतं की!’ चालणारच. माइक घड्याळाच्या शेकडो पट करंट ओढतो. जे सेल घड्याळाला वर्षभर पुरतात, ते स्वागतगीताच्या दुसऱ्या कडव्यात मान टाकतात. सध्या ऑफिसात घड्याळही बंद आहे आणि माइकही.

खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यावर गर्व करणाऱ्यांना एवढंच सांगतो, की तो आकडा स्थळाच्या बायोडेटातल्या मुलाच्या पगारासारखा वाचावा. आणि रात्री दहानंतर गाणाऱ्यांना: ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. त्यात बिनतारी माइकला सूट दिलेली नाही. मी शोधून पाहिलं, कारण तशी सूट असल्याचं सांस्कृतिक सचिवांनी हवालदारांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

झेंडावंदनाला मी सात वाजता खाली असेन. ज्यांना बोलायचं आहे त्यांनी पाच मिनिटं आधी येऊन एक वाक्य बोलून दाखवावं, ही विनंती. फुंकर नको. वाक्य.

आपला नम्र,
ट्रॉली ओढणारा, बी विंग

ता. क. ट्रॉलीच्या आत बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आहे. ती रिकामी पडून राहिली की मरते. दिवाळीपासून ती चार्ज झालेली नाही, कारण मीटर रूममधली चार्जिंगची वायर गायब आहे. शेवटची ती सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर आकाशकंदिलाला लावलेली पाहिली होती. ज्यांनी नेली असेल त्यांनी आणून द्यावी, नाव विचारलं जाणार नाही. ती मिळेपर्यंत आपली बिनतारी यंत्रणा बंद राहील.