मधलं आपोआप येतं

श्रीरामपुरात मेन रोडच्या मागे एखादी बोळ धरावी. खाली मोबाइलचं दुकान आणि वर ‘मिक्सिंग युनिट’ अशी पाटी दिसली, की जिन्याशी चपलांचा ढीग असतोच. त्या चपलांचे मालक वर एका खुर्चीच्या पाठीशी बोलत असतात, कारण खुर्चीतल्या माणसाचं तोंड कायम स्क्रीनकडे. गावात त्याला कोणी एडिटर म्हणत नाही, कलाकार तर नाहीच. तो मिक्सिंगवाला. त्याच्या उस्तादानं व्हीएचएसच्या काळात गुलाबाच्या पाकळीतून नवरी बाहेर काढून हा धंदा नावारूपाला आणला. उस्ताद थकला, पाकळ्या वाळल्या, एडियस नावाचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर आलं आणि आमच्या नायकाला कीफ्रेमचं वेड लागलं.

कीफ्रेम म्हणजे काय, हे तो न विचारता सांगतो. “हा फोटो पहिल्या सेकंदाला कोपऱ्यात. पाचव्या सेकंदाला मधोमध. दोन ठिकाणी दोन खुणा मारायच्या. मधल्या शंभर फ्रेमा कॉम्प्युटर भरतो.” हिशोब चोख आहे, आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेमा. डिस्नेच्या स्टुडिओत पूर्वी मुख्य चित्रकार महत्त्वाच्या तेवढ्या पोझ काढायचा आणि मधली चित्रं हाताखालची मंडळी रेखाटत बसायची. ती मंडळी आता सॉफ्टवेअरमध्ये बसली. आपल्या दादासाहेब फाळक्यांच्या काळात तर तेही नव्हतं. १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ करताना काडी हलवा, फ्रेम घ्या, पुन्हा काडी हलवा, असा सगळा हातमेहनतीचा मामला. म्हणून मिक्सिंगवाल्याच्या भिंतीवर साईबाबांच्या शेजारी फाळके आहेत. उदबत्ती दोघांत एकच.

एकदा ही नजर बसली, की माणूस गावाकडेही तसंच बघतो. गाव श्रीरामपूर आणि स्टेशनच्या पाटीवर बेलापूर, याला तो “अँकर पॉइंट सरकलाय” म्हणतो. श्रीरामपूर जिल्हा होणार, हे आम्ही कळायला लागल्यापासून ऐकतोय. त्यावर त्याचं निदान ठरलेलं: “मागणी केली तो पहिला कीफ्रेम. दुसरा कोणी टाकलाच नाय. मग क्लिप हलंल कशी?” गाड्यांना स्वतःचा एमएच १७ नंबर मिळाला, तो त्याच्या मते नुसता प्रिव्ह्यू. मध्यंतरी अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तेव्हा म्हणाला, “टायटल बदललं. पोझिशन तीच.”

त्याचा कस लागतो तो वाढदिवसाच्या स्टेटसला. व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा. गॉगल लावलेले एक भावी नगरसेवक धुरातून चालत येणार, मागे सिंह, वरून गुलाल. इथवर सोपं. पण डोक्यावर नेत्यांच्या फोटोंची रांग हवी: देशाचे, राज्याचे, जिल्ह्याचे, तालुक्याचे. कोण आधी येऊन थांबतो, कोण मागून, कोणाचं स्केल किती, हे सगळं राजकारण कीफ्रेमवर चालतं. तालुक्याचा नेता जिल्ह्याच्या नेत्यापेक्षा दोन टक्के मोठा दिसला, की चार पोरं जिना चढून वर येतात. आणि भावी नगरसेवकांनी रातोरात पक्ष बदलला तर? मिक्सिंगवाला शांत असतो. वरचे फोटो बदलतो, कीफ्रेम तेच ठेवतो. “माणूस बदलला तरी चाल तीच राहती, भाऊ.”

पण त्याची विद्या बघायची तर लग्नाच्या कॅसेटमध्ये. (पेनड्राइव्ह आला तरी आमच्याकडे ती कॅसेटच.) एका घरच्यांना नवरदेवाचे वारलेले आजोबा मांडवात आशीर्वादाला यायला हवे होते. आबांचा फोटो मिळाला तो एका जुन्या ग्रुप फोटोतून कापलेला. हात वर केलेला फोटोच नव्हता. शेवटी सापडला तो मतदान करून बोट दाखवतानाचा. हात डावा. तो आरशासारखा उलटा करून उजवा केला, बोटावरची शाई पुसली, बाकीची बोटं पुतण्याची घेतली. मग दोन कीफ्रेम: ढगाशी एक, मांडवाशी एक. आबा निघाले.

“अगं बाई!” मागून नवरदेवाच्या आजी म्हणाल्या. “हे तर कारखान्याच्या गव्हाणीतल्या उसाच्या मोळीसारखे सरकायलेत.”

मिक्सिंगवाल्यानं ईज-इन, ईज-आऊट लावलं. आता आबा अलगद निघाले, अलगद टेकले. आजींचा मुलगा खूश. आजी नाहीत. “आमचे हे असे नव्हते येत. गुडघा धरलेला. दोन पावलं टाकायची, थांबायचं, मांडव कोणी बांधलाय ते बघायचं, मग पुढं.”

तेव्हा त्यानं खुर्ची फिरवली. गिऱ्हाइकांनी त्याचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. “आजी, थांबायचे म्हणजे किती वेळ?”

मग तो कामाला लागला. पाऊल, पाऊल, थांबा. थांब्याला तीच पोझिशन पुन्हा, नाहीतर माणूस जागच्या जागी वाहतो. दुखऱ्या पायावर भार आला की रोटेशन दोन अंश. एडियसमधल्या लेआउटरच्या पट्टीवर खुणांची नुसती गर्दी झाली. मधलं भरायला कॉम्प्युटरला काही उरलंच नाही. आबा मांडवात पोचले तेव्हा गाणं संपून पंगती सुरू झाल्या होत्या. हयातीतही ते अक्षता पडल्यावरच पोचायचे, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. आजी म्हणाल्या, “हां. आता आले.”

मुलाला मात्र वेगळीच शंका आली. “सगळं कॉम्प्युटर करतो, तर तुला एवढे पैसे कशाचे? आणि लग्नाला सहा महिने झाले, कॅसेट देतोस कधी?”

मिक्सिंगवाला पुन्हा स्क्रीनकडे वळला होता.

“भाऊ, तुम्ही ॲडव्हान्स दिला, तो पहिला कीफ्रेम. बाकी द्याल तो दुसरा. तेवढा टाका. मधलं आपोआप येतं.”