दोन मोटारी, एक विहीर

एक सर्व्हर पडला तर दुसरा उभा राहावा म्हणून शेठनी दोन घेतले. डेटा मात्र दोघांचा एकाच स्टोरेजच्या डब्यात. विहिरीवर दोन मोटारी बसवल्या, विहीर एकच! ‘रेड ६ आहे, दोन डिस्क गेल्या तरी चालतं,’ विक्रेता म्हणाला. चालतंच. पण डब्याचा कंट्रोलर एक, पॉवर सप्लाय एक, आणि त्याची वायर चहाच्या किटलीशेजारच्या एक्स्टेंशन बोर्डात. म्हणून मी डेटा सर्व्हरांमध्येच वाटून ठेवणारी सेफ (Ceph) नावाची प्रणाली सुचवली. तिला निदान तीन सर्व्हर हवेत, बहुमताशिवाय तिथे पान हलत नाही. तिसऱ्याची किंमत ऐकून शेठ फॅनकडे बघत बसले. बॅकअप? ‘रेड आहे ना!’ परवा अकाउंट्समधल्या पोरानं चुकून जीएसटीचं फोल्डर उडवलं. रेडनं ते सगळ्या डिस्कवरून इमानेइतबारे पुसलं.