ठामराव

तेरमध्ये एखादी ऑटोमॅटिक गाडी दुसऱ्या गिअरवर जाताना झटका देऊ लागली, की मेकॅनिकच्या आधी ठामराव पोचतात. असे ठामराव गावोगाव आहेत. मालकानं "कालपासनं जरा..." एवढं म्हणेपर्यंत त्यांचा निकाल लागलेला असतो : "गिअरबॉक्स गेलाय. खाली उतरवा." पाठोपाठ सोलापूरच्या कुणाचा तरी नंबर आणि "माझं नाव सांगा." त्यांना अडाणी मात्र समजू नये. काळ्या-पिवळ्या जिपांच्या जमान्यात गिअर अडला तर आत खरोखरच दात तुटलेला असे आणि नुसत्या आवाजावरून तो ओळखणारे कान या मंडळींकडे होते. ते कान अजून शाबूत आहेत, गाडी तेवढी बदलली.

ऑटोमॅटिकमध्ये गिअर टाकतो तो तेलाचा दाब. हा दाब कोणत्या क्लचकडे सोडायचा, हे सोलेनॉइडच्या हातात : तारेची एक कॉइल आणि आत सरकणारी लोखंडी दांडी. करंट आला की दांडी सरकते, तेलाची वाट उघडते किंवा मिटते. कॉइल जळली किंवा दांडी कचऱ्यानं अडकली, की गिअर चुकतो. मग बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर एकच गिअर धरून बसतो, गाडी निदान घरी तरी पोचावी म्हणून. या शहाणपणालाच ठामराव गिअरबॉक्सची शेवटची घरघर समजतात. स्कॅनर लावला तर 'पी ०७५०' किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी एखादा कोड दिसतो. तोही अर्धाच साक्षीदार. दोष सोलेनॉइडचा, वायरीचा की कनेक्टरात शिरलेल्या पाण्याचा, हे मीटरनं कॉइल मोजून कंपनीच्या आकड्याशी ताडल्यावरच कळतं. सोलेनॉइडच गेलं असेल तर पुष्कळ गाड्यांत तेल काढायचं, तेलाचं चेंबर खोलायचं, नवं सोलेनॉइड आणि पॅकिंग बसवायचं, कंपनीनं सांगितलेलंच तेल भरायचं. गिअरबॉक्स जागचा हलत नाही.

आणि ठामरावांचा हा निकाल लागतो कुठं, तर तेरमध्ये, गोरोबाकाकांच्या म्हणजे संत गोरा कुंभारांच्या गावात! मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी थापटणं घेऊन जमलेल्या संतांची डोकी मडक्यांसारखी तपासली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, असं परंपरा सांगते. निकाल कडक होता, पण थापटणं प्रत्येकाच्या डोक्यावर वाजलं होतं. ठामराव ते हातात न घेताच अख्खा आवा कच्चा ठरवतात. शिवाय कच्चे ठरलेले नामदेवसुद्धा कुणी मोडीत काढले नाहीत; विसोबा खेचरांना गुरू केल्यावर त्यांचं काम भागलं.

कुणी म्हणेल, ठामरावांचं ऐकून गिअरबॉक्स बदललेल्या गाड्या झकास पळतात, त्याचं काय? पळणारच. बदललेल्या गिअरबॉक्सबरोबर चांगलं सोलेनॉइडही आलेलं असतं. त्यांच्या कीर्तीचं बिंग इथंच आहे : सगळंच बदलायला सांगणारा माणूस कधी खोटा पडत नाही. उलट "तेवढं सोलेनॉइड बघू" म्हणणारा मेकॅनिक चुकला तर संध्याकाळच्या आत उघडा पडतो, म्हणून पारावर त्याला भाव नाही. दुसरा आक्षेप असा, की कधीकधी गिअरबॉक्स खरंच गेलेला असतो. असतो ना! तेल काळं पडून जळका वास येतो, चेंबरमधल्या चुंबकाला धातूचे कण चिकटलेले सापडतात. (बारीक राखाडी पूड नेहमीचीच, तिला पाहून रडायचं नाही.) पण हे दिसायला आधी चेंबर खोलावं लागतं, आणि ठामरावांना नेमका तोच वेळेचा अपव्यय वाटतो. खेड्यात स्कॅनर कुठला, ही तक्रार खरी आहे. मीटरबद्दल मात्र ती चालणार नाही. विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याचा दिवस कॉइली तपासण्यातच जातो. काय आणि कुठं मोजायचं एवढं मेकॅनिकनं सांगितलं, तर तो आकडा वाचून देईल. पण रिवाइंडिंगवाल्याला विचारायचं म्हणजे निकाल आकड्यावर सोपवायचा, आणि मग ठामरावांना कोण विचारणार?

त्यांची स्वतःची जीप मात्र अजून हाताच्या गिअरचीच. तिचा तिसरा गिअर चढावर निसटतो. तो गिअरबॉक्स खाली उतरवायचा विषय कुणी काढला, तर ठामराव डाव्या हातानं दांडा दाबून धरतात आणि म्हणतात, "हिला काय झालंय? असं धरलं की झालं."