चिरंजीवांचा खजिना

इप्सविच, सफोक
कोजागिरीनंतरचा रविवार

ती. आई आणि ती. नाना यांना सा. न.

पत्रास कारण सुमनकाकू. 'श्रीकांतला इंग्लंडात जमिनीतून सोनं सापडलं' ही बातमी त्यांनी गणपती आळीपासून एसटी स्टँडपर्यंत पोचवल्याचं कळलं. आई, तुम्ही त्यावर पेढे वाटल्याचंही कळलं. तेव्हा आधी खुलासा करते. मल्हार फोनवर "बाबांना गोल्ड रिंग मिळाली" म्हणाला ते खरं आहे, पण अंगठी शेजारच्या आजीबाईंची. गुलाबाच्या वाफ्यात हरवलेली त्यांची लग्नातली अंगठी यांनी शोधून दिली. त्यांनी ती डोळे पुसत बोटात घातली आणि आम्हांला सफरचंदाचा पाय दिला. सोन्यापैकी आपल्या घरात आलं ते एवढंच, आणि ते आम्ही कस्टर्ड घालून खाल्लं.

बाकी यांचा यंत्रानं जमिनीतला धातू शोधायचा छंद जोरात आहे. ज्या माणसाला फ्रिजमध्ये समोर ठेवलेली लोणच्याची बरणी दिसत नाही, त्याला आता जमिनीखाली वीतभर खोल काय आहे ते कळू लागलंय. एक लांब काठी, तिच्या टोकाला थाळी, कानाला हेडफोन. थाळीतून चुंबकीय लहरी मातीत जातात, खाली धातू असला की त्यात क्षणभर वीज खेळते आणि यंत्र कानात टूं करतं. गंमत अशी की बिअरच्या डब्याची अॅल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी यांचं टूं जवळजवळ सारखं. म्हणून प्रत्येक ठिकाणी खणावं लागतं. आजवर सगळ्यांत जास्त काय निघालं असेल, तर या कड्या. पिणारे कोण, उपसणारे कोण! टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी हुडकायला असंच यंत्र तयार केलं होतं. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ घातला, गोळी सापडली नाही आणि अध्यक्षही वाचले नाहीत. यंत्राचं कुळच असं आहे, हे मी यांना अधूनमधून सांगत असते.

पीक निघालं आणि शेत नांगरून झालं की हंगाम सुरू होतो. इथे कुणाच्याही रानात घुसता येत नाही, मालकाची परवानगी लागते. आमचा शेतकरी भला आहे, लिंबाच्या लोणच्याच्या एका बरणीवर त्यानं अख्खा माळ उघडून दिलाय. त्या माळातून बटणं तर इतकी निघतात, की जुनी इंग्रज माणसं शेतात बटणंच पेरत होती की काय असं वाटावं. कारण साधं आहे. गावातला केरकचरा शेणखताबरोबर गाड्यांतून शेतात यायचा. कुणाचं बटण, कुणाचं शिवणाचं टोपण, कुणाचा पडलेला पैसा, सगळं खताबरोबर मातीत गेलं.

पण दोन वस्तूंसाठी मीसुद्धा चिखलाचे बूट धुवायला तयार झाले. पहिली म्हणजे चांदीचं अर्धं नाणं. तुटलेलं नव्हे, मुद्दाम कापलेलं. मध्ययुगात इथे रोजच्या व्यवहाराला चांदीची पेनी चालायची आणि सुटे नसले की सरळ तिचे दोन किंवा चार तुकडे करायचे. पाठीमागे क्रूस कोरलेला असायचा, म्हणजे कापायला रेघ तयारच. सुट्यांऐवजी चॉकलेट हातावर टेकवणाऱ्या आपल्या दुकानदारांना हे कळवायला हवं.

दुसरी वस्तू बघून, आई, तुम्ही तर उठून उभ्याच राहाल. घुंगरू! अगदी पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधतो तसलं, आत खडा असलेलं, आणि माती झटकल्यावर वाजलंसुद्धा. इथे ते मेंढ्यांच्या, घोड्यांच्या गळ्यात असायचं. पोटावर 'आर डब्ल्यू' ही अक्षरं आहेत. विल्टशरमधल्या ऑल्डबोर्न गावी वेल्स नावाचं ओतारी घराणं होतं, त्यातल्या रॉबर्ट वेल्सची ती अठराव्या शतकातली खूण. म्हणजे आपल्याकडे पेशवाई चालू होती तेव्हाचं हे घुंगरू. देवघराशेजारी ठेवलंय. सई आरतीला वाजवते आणि मी काही म्हणत नाही.

कुणी म्हणेल, सरकारला कळवलंत का? कळवलं. ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली अशा वस्तूंची नोंद ठेवणारी योजना आहे. तिच्या इथल्या अधिकारी बाईंनी अर्धी पेनी मोजली, फोटो काढले आणि परत दिली, कारण सुटं एखादं नाणं सहसा खजिन्यात धरत नाहीत. मात्र ३०० वर्षांहून जुनी आणि दहा टक्के तरी सोनं-चांदी असलेली वस्तू निघाली, किंवा तशी दोन नाणी एकत्र निघाली, तर १४ दिवसांत कॉरोनरला कळवावं लागतं. हा तोच अधिकारी, जो संशयास्पद मृत्यूची चौकशी करतो. म्हणजे खजिना सापडला तरी आधी पंचनामाच!

नाना, लपवण्यापेक्षा सांगणं कसं फायद्याचं ठरतं, याचं उदाहरण आमच्याच सफोकात हॉक्सन गावी आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात एरिक लॉज नावाचे गृहस्थ मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला यंत्र घेऊन शेतात गेले. सापडली रोमन काळातली जवळजवळ १५,००० नाणी, शिवाय सोन्याचे दागिने आणि चांदीचे चमचे. त्यांनी पुढे खणणं थांबवून ताबडतोब कळवलं, म्हणून पुरातत्त्वखात्याच्या लोकांना सगळं जागच्या जागी नीट पाहता आलं. बक्षीस मिळालं साडेसतरा लाख पौंड, तेही त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला आणि तोसुद्धा ब्रिटिश म्युझियमनं ठेवून घेतला. त्या ढिगात मिरपूड ठेवायच्या चांदीच्या चार डब्या होत्या, त्यातली एक ऐटबाज राणीसाहेबांच्या आकाराची. मिरी अर्थात आपल्याकडची, मलबारच्या किनाऱ्यावरून जहाजानं गेलेली. म्युझियममध्ये त्या राणीपुढे उभी राहिल्यावर मला प्रथमच या छंदाबद्दल आदर वाटला. खड्ड्यांबद्दल अजून वाटत नाही.

आता नाना, तुमच्या चिठ्ठीतला मुद्दा. नाताळच्या सुट्टीत येताना यंत्र आणा, पेंढाऱ्यांच्या धामधुमीत पणजोबांच्या पणजोबांनी वाड्याच्या परसात पुरलेला हंडा काढू, असं तुम्ही लिहिलंय. त्या हंड्यापायी तुळशीवृंदावन एकदा हललंय, विहिरीकडची भिंत खचलीय आणि धाकट्या काकांना नाग दिसल्यापासून तिकडे कुणी वाळवणसुद्धा घालत नाही. यंत्राचं यांना विचारलं. ते म्हणाले, आपला सगळा मुलूख लाव्हाच्या खडकाचा, मातीत लोह भरपूर, तिथे यंत्र उगाचच किंचाळत राहतं. त्यात परसात शे-दोनशे वर्षांचे खिळे, नाल आणि बिजागऱ्या. हंडा खरंच निघाला, तर १८७८ चा कायदा आहेच. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन निघालं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मग भाऊबंद किती जमा होतील ते तुम्हीच मोजा. आणि गडावर जाऊन शिवराई शोधायचा बेत तर मनातूनही काढून टाका. संरक्षित जागी यंत्र फिरवणं इथेही गुन्हा आहे.

तेव्हा यंत्र येणार नाही, माणसं येतील. वाकून वाकून यांचे गुडघे धरलेत, थंडी पडली की रात्री कण्हतात. वैद्यांकडून महानारायण तेलाच्या दोन मोठ्या बाटल्या आणून ठेवा, आणि परसातली कुदळ कुलपात घाला.

तुमची सून,
मीनल