दिवा विझला, पण गाडी परत आली

अहो, ऐकलंत का? समोरच्या वहिनींचे जावई, एडिसनचे हो, न्यू जर्सीचे... गाडी तपासणीला घेऊन गेले आणि तसेच परत आले! आणि कुणामुळे? जरा इकडे सरका, ते कपडे राहू द्या दोरीवर. आपल्या समोरच्या काकांमुळे, वहिनींच्या यजमानांमुळे! इथं आदिलाबादेत ओट्यावर बसून तिकडची गाडी नापास केली त्यांनी.

तिकडे दर दोन वर्षांनी तपासणी असते. नव्या गाडीला पहिली पाच वर्षं माफी. सरकारी केंद्रावर पैसा लागत नाही, हे वहिनींनी मला मुद्दाम सांगितलं. घरच्या गाडीचे ब्रेकबिकही बघत नाहीत, 2010 पासून बंदच केलंय ते. बघायचं ते प्रदूषणाचं, आणि तेही आपल्यासारखी मागून नळी घालून नाही. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्यात वायर खुपसायची आणि गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारायचं. 1996 पासूनच्या तिकडच्या गाड्यांना ते सॉकेट असतंच.

तर काय सांगत होते... हं, तपासणी तोंडावर आली आणि जावईबापूंच्या गाडीत तो पिवळा दिवा लागला. चेक इंजिनचा. लेकीनं फोन केला, वहिनींनी स्पीकरवर टाकला, आणि कुणी विचारलं नसताना काका मधेच म्हणाले, "बॅटरीची वायर काढा, चहा घ्या, परत लावा. दिवा जातो की नाही बघा!" काकांनी जन्मभर जीप पिटाळली ना, कापसाच्या मागे, बेल्यापासून पांढरकवड्यापर्यंत. त्या जीपला कुठला आलाय कॉम्प्युटर! पण सासऱ्यांना नाही कसं म्हणायचं?

दिवा गेला हो. काका असे मिशीतल्या मिशीत... आणि मग केंद्रावरून निरोप, "नॉट रेडी." वहिनी सांगतात, काकांच्या हातातली बशी तशीच राहिली.

अहो, बॅटरी काढली की कॉम्प्युटर केलेलं सगळं विसरतो. एरवी तो चालता चालता स्वतःच एकेक तपासत असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, त्याचा हीटर, टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर तर जात नाही... या प्रत्येक तपासणीला मॉनिटर म्हणतात. पुसलं की सगळे कोरे. 2001 पासूनच्या गाडीला एखादा राहिला तर चालवून घेतात, यांचे तर ओळीनं राहिलेले! माझा भाचा कॅलिफोर्नियात आहे, तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडे याहून कडक." पेट्रोलच्या, 2000 पासूनच्या गाडीला तो वाफेचा एकच राहिलेला चालतो. शिवाय जुलै 2019 पासून तिथं बिघाडाचे कायमचे कोडही बघतात, म्हणजे जे स्कॅनरनं पुसले तरी जात नाहीत ते. दुरुस्ती होऊन गाडीनं स्वतः पडताळलं, तरच जातात. काकांसारखी माणसं तिकडेही असणार, नाहीतर एवढा बंदोबस्त कशाला?

मग काका गेले हायवेवरच्या मेकॅनिककडे. मी भाजी घेत होते, कानावर पडलं आपलं. तो हसून म्हणाला, "बत्ती बुझाए तो बीमारी जाती क्या, चचा?" शेजारी आमच्या तेलुगू अक्का उभ्या, त्या म्हणाल्या, "अय्यो पापम!" आता हे जावयासाठी की काकांसाठी, ते मी विचारलं नाही.

पुढची गंमत ऐका. हे मॉनिटर भरायला गाडी विशिष्ट रीतीनं चालवावी लागते, आणि प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. साधारण असं, की रात्रभर गाडी उभी, इंजिन पार गार. टाकी पाव ते पाऊण भरलेली, म्हणजे काठोकाठ नाही की तळाशी नाही. सकाळी सुरू करून थोडा वेळ जागेवरच. मग हायवेला ताशी पंचावन्न मैल, आपले नव्वदच्या आसपास किलोमीटर, एकसारखे धरायचे. मग पाय काढायचा आणि ब्रेक न लावता वेग आपोआप उतरू द्यायचा. रविवारी पहाटे जावई निघाले, लेक तणतणत शेजारी! तरी वाफेचा राहिलाच. कडाक्याच्या थंडीत पुष्कळ गाड्या ती तपासणी सुरूच करत नाहीत. आदिलाबाद म्हणजे तेलंगणातलं थंड गाव म्हणून आपण मिरवतो, पण जर्सीचा जानेवारी तो जर्सीचा जानेवारी. चालायचंच, एक राहिलेला चालतो ना. झाली पास.

आणि मूळ दुखणं काय निघालं माहितीये? पेट्रोलच्या टाकीचं झाकण! नीट फिरवलं नव्हतं. झाकण घट्ट करून गाडी नुसती वापरत राहिले असते, तर लागोपाठ तीन वेळा सगळं ठीक दिसल्यावर दिवा आपला आपण विझला असता आणि एकही मॉनिटर पुसला गेला नसता. हे लेकीनं सांगितलं तेव्हा काकांचा चेहरा... मी पडद्याआडून पाहिला.

पण काका हार मानतील? आमच्या दारात येऊन आपल्या गाडीची पीयूसीची पावती नाचवली. "हे बघा, कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्यांच्या आत, हायड्रोकार्बन 200 पीपीएमच्या आत! व्हॅनवाल्यानं नळी घातली, फोटो काढला, वर्षभराची निश्चिंती." मी म्हटलं, काका, तुमची गाडी बीएस सहा, 1 एप्रिल 2020 नंतरची. तिच्यातही ते सॉकेट आहे, फक्त आपल्या पीयूसीत त्याला कुणी विचारत नाही. आणि सैल झाकणातून वाफ गेली तर मागच्या नळीला काय कळणार? गप्प झाले. मला विचाराल तर जर्सीवाल्यांचंच बरोबर.

बरं, तुम्ही परवा पेट्रोल भरून आणलंत ना? झाकण टकटक वाजेपर्यंत फिरवलंय का, बघून या. आणि दिवा लागलाच तर आधी मेकॅनिक, काका नंतर. मी सांगितलं म्हणून वहिनींना बोलू नका हं!