देहातल्या गल्ल्या

मराठी माणसाची कंबर नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याची एकदा सरकारी मोजणी व्हायला हवी. आमच्या घरात ती बरगड्यांखालून निघते आणि मांडीपाशी कुठेतरी विरून जाते. आत्याची तर पावसाळी हवेत थेट खांद्यापर्यंत चढते. डॉक्टरांनी ‘कुठे दुखतंय’ विचारलं, की आपण पंजा पसरून निम्मा तालुका दाखवतो आणि वर ‘इथंच’ म्हणतो. या ऐसपैस अज्ञानात आम्ही सुखाने नांदत होतो. दुखलं की अवयव आठवायचा, थांबलं की विसरायचा. देहाशी याहून जास्त सलगी आमच्याकडे आगाऊपणाची समजली जाई. मग भाची एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आली आणि आमच्याकडे साताऱ्याला राहू लागली.

तिला सरावाला माणसं हवी होती आणि आम्ही बसल्या जागी, फुकट मिळत होतो. पहिला मान माझा. गळ्याखालच्या खळगीतून तिने बोट सरळ खाली उतरवलं आणि छातीच्या मधल्या हाडावर एका आडव्या उंचवट्यापाशी थांबवलं. ‘मामा, हा लँडमार्क. दुसरी बरगडी इथे येऊन मिळते. मोजायला इथून सुरुवात करायची, कारण पहिली हासळीच्या हाडाखाली लपलेली असते, ती सापडत नाही.’ पन्नाशी उलटली तरी त्या उंचवट्याची आणि माझी गाठ पडली नव्हती. कितीतरी सदऱ्यांच्या गुंड्या मी त्याच्यावरून लावल्या असतील. त्या रात्री अंथरुणात पडल्यावर मी त्याला पुन्हा चाचपून पाहिलं, तो होता. उगाच बरं वाटलं.

आत्याची पाळी आली तेव्हा मात्र जरा वितुष्ट आलं. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट आत वळवलं, की मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसते. ती एका सडपातळ स्नायूची. आईच्या मनगटावर ती सतारीच्या तारेसारखी ताठ उभी राहिली. आत्याच्या मनगटावर काहीच नाही. बऱ्याच लोकांमध्ये हा स्नायू मुळातच नसतो, नसल्याने काही अडत नाही, उलट दुसरीकडची तुटलेली दोरी जोडायला सर्जन हाच काढून घेतात, असं भाचीने परोपरीने समजावलं. आत्याचं एकच म्हणणं: ‘वहिनीला आहे ना? मग मला का नाही?’ वाटणीत आपल्याला कमी आलं, ही तिची जुनी शंका होतीच. आता तिला शास्त्राचा आधार मिळाला.

आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण एक जागा त्यांना बिनचूक माहीत होती. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी, दोन दोऱ्यांच्या मध्ये एक तिकोनी खळगा पडतो. आजोबा त्यात चिमूटभर तपकीर ठेवत आणि डोळे मिटून ओढत. युरोपातले तपकिरीचे शौकीनही अगदी हाच खळगा वापरत, आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकांत तो अजून तपकिरीची डबी म्हणूनच नोंदलेला आहे. त्याच्या तळाशी हाताची धमनी वाहते, हलकं बोट ठेवलं तर ठोके लागतात. म्हणजे आजोबा रोज दुपारी आपल्या नाडीवर तपकीर ठेवत होते. एवढा जिवंत पाट मिळाल्यावर कुणाला तंद्री लागणार नाही?

आई सगळ्यांत शेवटी तयार झाली. ‘आजी, मान खाली घाल,’ म्हणत भाचीने तिच्या मानेच्या तळाशी उठून आलेला सातवा मणका शोधला आणि तिथून एकेक मणका मोजत ती सावकाश खाली उतरू लागली. मध्यावर, जिथे पाठीला बाक आलाय, तिथे तिचा वेग आणखी मंदावला. आई गप्प बसली होती, आणि उठ म्हटलं तरी उठली नाही. आम्ही सणावाराला तिच्या पायांना हात लावतो. पाठीला कुणी हात लावून किती वर्षं झाली असतील कोण जाणे.

एका दिवशी भाचीने सीनियरकडून बोन सेट आणला, बुटांच्या खोक्यात. व्हायवाला परीक्षक हातात हाड देऊन आधी एकच विचारतात, उजवं की डावं? म्हणून ती मांडीचं हाड स्वतःच्या मांडीला लावून आरशासमोर उभी होती. आईने दारातून पाहिलं. ‘कुणाचं गं ते?’

‘उजवं आहे, आजी.’

परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळाले असते.

भाचीच्या चौरसियाच्या पाठ्यपुस्तकात मला रस नव्हता, पण तिच्या फळीवरच्या ग्रेच्या शरीरशास्त्राच्या पुस्तकाने मला धरून ठेवलं. हेन्री ग्रेचं हे पुस्तक १८५८ साली लंडनमध्ये निघालं. पहिल्या आवृत्तीत ३६३ चित्रं होती आणि ती काढली होती हेन्री व्हॅन्डाइक कार्टर या तरुण डॉक्टराने. अशा चित्रांत एरवी स्नायूवर बारीकसं अक्षर किंवा आकडा असे आणि अर्थ शोधायला डोळे पानाच्या तळाला न्यावे लागत. कार्टरने नावं थेट अवयवावरच घातली, स्नायू वळेल तशी अक्षरं वळवून. त्याने काढलेला हात पाहताना आपण जुन्या पेठेत शिरलोय आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पाटी आहे असं वाटतं. पुस्तकावर मात्र त्याचं नाव स्वतःच्या नावापेक्षा लहान टायपात घ्यायला ग्रेने छापखान्याला सांगितलं. कार्टर त्याच वर्षी मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला आणि १८६३ पासून काही वर्षं आमच्या साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. लंडनमध्ये सव्वीस हाडांचं नीटस पाऊल रेखाटणाऱ्या या माणसाने या मुलखात येऊन अभ्यास केला तो अनवाणी माणसांच्या, बुरशीने सुजून फुटलेल्या पावलांचा. मला ग्रेपेक्षा तो जवळचा वाटतो, आणि केवळ साताऱ्याचा म्हणून नव्हे.

पण ती चित्रं काढायला जे देह उघडले, ते बेवारस गरिबांचे होते. इंग्लंडमध्ये १८३२ च्या कायद्याने असे देह शरीरशास्त्राच्या शाळांना मिळत. त्यांच्या केसाएवढ्या नसेलाही लॅटिन नाव आहे. गल्लीगल्लीला पाटी, आणि गावाचं नाव कुठेच नाही. आईने विचारलं होतं, ते कार्टरच्या पुस्तकालाही सांगता आलं नसतं.

अलीकडे आईने देहदानाचा अर्ज मागवून घेतलाय. तिची काळजी डाव्या गुडघ्याची. तो बदलून धातूचा बसवलाय. ‘त्यात पोरं काय शिकणार? फसवणूक होईल त्यांची.’ धातूचा गुडघा बघायला मुलं गर्दी करतील, असं भाचीने सांगितल्यावर ती थोडी खुलली. डिसेक्शन सुरू व्हायच्या आधी सगळे त्या देहासमोर हात जोडून शपथ घेतात, हेही तिला पसंत पडलं.

‘तेव्हा नाव घेता का?’

‘नाव आम्हाला सांगत नाहीत, आजी. नंबर असतो.’

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि अर्ज पुढे ओढला. ‘सातवीपर्यंत शाळेत गेले, एकदाही नंबर आला नाही,’ ती म्हणाली. ‘आण ते पेन.’